फिलूबायची उसवण

फिलूबायची आणि माझी ओळख स्टेपलरने करून दिली.

एका शनिवारी सकाळी मी वसईत, पाचूबंदरच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावात उभी होते. मासळी घ्यायला नव्हे. मला मासे निवडता येत नाहीत, साफ करता येत नाहीत आणि शिजवता तर मुळीच येत नाहीत. पण विरारला, चंदनसारच्या माझ्या फ्लॅटमध्ये शनिवार-रविवारी माझ्याशिवाय कुणी नसायचं, आणि माझा मला फार लवकर कंटाळा येतो. म्हणून मी स्कूटी काढून माणसं असतील तिकडे जायचे. लिलावाचं एक बरं असतं. तिथे उगाच उभ्या असलेल्या बाईला ‘कुणाकडे आलात?’ असं कुणी विचारत नाही.

अशी उभी असताना मागून कुणीतरी माझ्या कुर्त्याचा घेर धरला. वळून पाहिलं तर सत्तरीकडे झुकलेली एक ठेंगणी बाई. तिच्या एका हातात बोंबलांची पिशवी आणि दुसऱ्या हातात माझा कुर्ता.

“याला काय मारलंय गो? कापड हाय का कागद?”

कुर्त्याची खालची दुमड उसवून पंधरा दिवस झाले होते आणि मी तिला स्टेपलरने पिना मारल्या होत्या. मला ती युक्ती तोपर्यंत बऱ्यापैकी हुशारीची वाटत होती.

“तात्पुरतं आहे,” मी म्हणाले.

“तात्पुरत्याला गंज आलाय,” ती म्हणाली. हसली नाही. “चल.”

मी गेले. मला ‘चल’ म्हणणारं आजवर फारसं कुणी भेटलं नव्हतं, म्हणूनही गेले असेन. धक्क्यामागच्या गल्लीत तिचं घर होतं. तिने मला उंबऱ्यावर उभं केलं, स्वतः खाली बसली आणि कात्रीच्या टोकाने एकेक पिन उपटून काढली. मग सुई-दोरा घेऊन, मी घातलेल्या कुर्त्याला मी उभी असतानाच दुमड घालून दिली. मला हलायची चोरी होती.

“आयनं शिकवलं नाय?” तिने खालूनच विचारलं.

“मी सहा वर्षांची असताना आई गेली. मग होस्टेल.”

“मंग तुजा दोष नाय.” ती दोरा दातांनी तोडत म्हणाली, “बॉबीन म्हंजे काय, ठाव हाय?”

“नाही.”

“एकदम कोरी हायस?” असं विचारताना तिचा चेहरा उजळला. “मंगळवारी ये, दुपारची. शिकवते.”

एखादीला काहीच येत नाही याचा इतका आनंद झालेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या आनंदाचं कारण कळायला मला दीड वर्ष लागलं.

माझं तेव्हाचं आयुष्य सांगण्यासारखं नव्हतं. मी घरून काम करायचे. कंपनीची गिऱ्हाइकं ऑस्ट्रेलियात, त्यामुळे माझा दिवस पहाटे पाचला सुरू होऊन दुपारी एकला संपायचा. एकनंतर माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात एक विजेची किटली होती आणि तिच्यात मी चहा, अंडी आणि नूडल्स असं सगळंच उकळायचे. एकोणचाळिसाव्या वर्षी मला बटण लावता येत नव्हतं. बटण तुटलं की मी शर्ट बदलायचे.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. विरारहून पाचूबंदर म्हणजे स्कूटीने तासाभराचा रस्ता. चंदनसारलाही शिवणाचे क्लास होते, एक तर माझ्याच सोसायटीच्या खाली होता. मी एकदा डोकावलेही होते. तिथल्या बाईंनी विचारलं होतं, “बेसिक तर येत असेल ना?” मी खोटं ‘हो’ म्हणून घरी आले आणि परत गेले नाही.

फिलूबाय घरात गाऊन घालायची आणि देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाताना साडी. चष्म्याला शिवणाच्या दोऱ्याची दोरी होती. टाचण्या ओठांत धरून बोलायची तिला सवय होती, त्यामुळे तिचे अर्धे शब्द दातांमागेच राहायचे. टेप गळ्यात असायचा, पण माप मात्र ती नजरेने घ्यायची आणि मग माझी समजूत पटावी म्हणून टेप लावून दाखवायची. कापडाला कात्री लावण्याआधी क्रूसाची खूण करायची. एकदा मी विचारलं, “कापड चुकू नये म्हणून का?” तर म्हणाली, “चुकलं तर कापडवालीनं गाळी देऊ नयेत म्हनून.”

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. होडी विकली गेली होती. एकुलती एक मुलगी परदेशात नर्स. दर रविवारी देवळातली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर तिचा फोन यायचा, पाच-सात मिनिटांचा. बाकीचे सहा दिवस तो फोन खिडकीत पडून असायचा आणि फिलूबाय त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून ठेवायची. काम पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. लहान मुलींचे पहिल्या कम्युनियनच्या विधीचे पांढरे फ्रॉक आता तयार मिळायचे. तिच्याकडे यायच्या त्या कोळणी, ब्लाऊज घेऊन, त्याही वयाने तिच्याएवढ्या.

खिडकीपाशी पायाने चालवायच्या दोन मशिनी होत्या. एक तिची, तासभर चालवली की तिचे गुडघे दुखायचे. दुसरी शिकायची मशीन. तिच्यावर आजवर कोण कोण बसलं, हे फिलूबाय मला पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी झाली.

“ग्लोरिया. हुशार होती. कॉलर झाली, गेली. मंग सुनंदा. तिला तर चार म्हयन्यांत समदं आलं. चेन लावायला शिकली, गेली. मंग ती चुळन्या गावची, नाव इसरले. बाही लागली आनि गेली.”

“कुठे गेली?”

“कुठं जानार? हितंच हाय. येत नाय.”

हे सांगताना तिचा सूर तक्रारीचा नव्हता. पण प्रत्येक नावानंतर ती त्या रिकाम्या मशिनीकडे बघायची. ज्यांना शिवता आलं त्या सगळ्या गेल्या, एवढं मला त्या दिवशीच कळलं होतं. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं मात्र वाटलं नाही.

माझी सुरुवात वर्तमानपत्रावर झाली. सुईत दोरा न घालता कागदावर छापलेल्या ओळीवरून सुई चालवायची. मी पहिल्या दिवशी तीन पानं फाडली आणि चौथ्या पानावर माझी ओढणी शिवून टाकली. दोरा नव्हता म्हणून नुसती भोकं पडली. पुढच्या महिन्यात दोरा आला तेव्हा उशीच्या अभ्र्याला ओढणी खरीच शिवली गेली, आणि निघायच्या वेळी मी उठले तर उशीही माझ्याबरोबर उठली. फिलूबाय खुर्चीत मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने माझ्या हातात अर्धं ब्लेड दिलं.

“उसव.”

हा शब्द मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल, कोण जाणे. तिची तपासायची एक पद्धत होती. डोळे मिटायची आणि टिपेवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवत न्यायची. मध्येच नख थांबलं की मी ब्लेडकडे बघायचे. मग डोळे न उघडताच ती म्हणायची, “उसव.” सुरुवातीला कारण उघड असायचं. टीप वाकडी, दोरा सैल, कापड गोळा झालेलं. पुढे पुढे कारणं बारीक होत गेली. शेवटी शेवटी तर मला कारण दिसेनासंच झालं. पण मी कोण बोलणार? ज्या बाईने स्टेपलरने कुर्ता शिवला तिने टिपेबद्दल मत द्यायचं नसतं, एवढी अक्कल मला होती.

एकदा दुपारी आम्ही दोघी शिवत असताना देवळाची घंटा वाजू लागली. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. फिलूबायने माझ्या मशिनीच्या चाकावर हात ठेवला.

“मरनाची हाय.”

तिने क्रूसाची खूण केली. घंटा थांबली. मग ती म्हणाली, “आता ती टीप उसव.”

“अहो बाय, पण ही सरळ आलीये!”

“घंटा वाजली तवा सुई कापडात होती का नाय? मंग? ती टीप अंगावर घालायची नाय. आमच्यात तसंच हाय.”

मला ते फार आवडलं. गावातलं माणूस गेलं म्हणून हातातलं काम मोडायचं, ही रीत मला सुंदर वाटली. मी ती ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर दोन सहकाऱ्यांना मोठ्या अधिकाराने सांगितलीसुद्धा, वसईच्या ख्रिस्ती लोकांत असं असतं म्हणून. त्या वर्षी गावात म्हातारी माणसं बरीच गेली आणि माझ्या पहिल्या ब्लाऊजची पाठ चार वेळा उसवली गेली. मी प्रत्येक वेळी मान खाली घालून, अगदी श्रद्धेने उसवली.

तिचा खरा हात मी पाहिला तो एका लग्नाच्या वेळी. नवरीचा गाऊन मुंबईहून तयार आणलेला होता आणि लग्न चार दिवसांवर आलं असताना तो पाठीवर मिटेना. नवरीची आई रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. फिलूबायने गाऊन उलटा केला, आतून पाहिला आणि तुच्छतेने म्हणाली, “चिकटवलाय निस्ता.” मग तीन दिवस तिला दुसरं काही सुचलं नाही. पाठ उघडली, दोन बाजूंना पट्ट्या घातल्या आणि त्यांना साटीनचे बारीक फास लावून मधून फीत ओवली. फास करायचं काम माझ्याकडे होतं. मी चोवीस केले, तिने नऊ ठेवले. बाकीचे तिने स्वतः केले, माझ्याकडे न बघता.

लग्नाला ती मला घेऊन गेली. चांगली साडी, खांद्यावर ब्रोच. देवळात मात्र अगदी शेवटच्या बाकावर बसली. मी म्हटलं, “पुढे जागा आहे की.”

“फोटोवाले म्होरून काढतात,” ती कुजबुजली. “हितं लोक सवा तास पाठच बघतात. ती पाठ माजी हाय.”

मिस्सा संपेपर्यंत ती त्या पाठीकडे बघत होती. नवरी परत जाताना आमच्या बाकाजवळून गेली. तिचं लक्ष नव्हतं, आणि असणार तरी कसं, लग्न होतं तिचं. मागून तिची आई लगबगीने जाता जाता म्हणाली, “फिलूबाय, हॉलवर ये हां!” फिलूबायने मान डोलावली आणि आम्ही घरी आलो. तिने चहा केला, पाव काढला.

“हॉलवर जाऊ या ना,” मी म्हणाले. मला खरं तर जेवायचं होतं.

“तिथं टेबलं लावतात,” ती पाव चहात बुडवत म्हणाली. “मंग कुन्या टेबलावर बसायचं ते बघत उभं ऱ्हावं लागतं.”

तसं उभं राहणं मला चांगलं ठाऊक होतं. आम्ही दोघींनी चार पाव संपवले.

मी जायला लागून दीड वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. एका गुरुवारी मी गेले तर घराला कुलूप होतं. फिलूबाय डोळे तपासायला गेली होती. मी स्कूटी लावते ती जागा मार्सेलीनच्या दारासमोर होती. मार्सेलीन पस्तिशीची, सुकी मासळी विकायची, आणि तिचं तोंड दिवसभर चालू असायचं. मी वाट बघत तिच्या ओट्यावर बसले. तिने माझ्या पिशवीतून डोकावणारा ब्लाऊज ओढून काढला, उलटा केला, ताणून पाहिला.

“हा कुनी शिवला? तू?”

“हो. पण बाही अजून नीट लागत नाही.”

“काय नीट लागत नाय? मस्त लागलीये! मी बाजारात देते ना, तो टेलर असा देत नाय.” मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायला लागली. “अगं, तुला पन उसवायला लावते का ती? मला आठ महिने उसवायला लावलंन. माझं लग्न ठरलं म्हणून सुटले!”

मी म्हटलं, “पण घंटेचं तरी…”

“कसली घंटा?”

मी तिला सांगितलं. मरणाची घंटा, कापडातली सुई, अंगावर न घालायची टीप. मार्सेलीनला इतकं हसू आलं की तिच्या घरातली माणसं बाहेर आली.

“असलं कायपन नाय आमच्यात! घंटा झाली की प्रार्थना करतात, नि परत कामाला लागतात. ही कुठली रीत काढली फिलूबायने?”

फिलूबाय यायच्या आत मी निघाले. रस्ताभर मी नुसती धुमसत होते. दीड वर्ष! मंगळवार, गुरुवार, शनिवार. ऊन नाही, पाऊस नाही, तासभर जायचं, तासभर यायचं, आणि तिथे बसून चांगल्या टिपा ब्लेडने कापायच्या. मला अडाणी म्हणून बसवून ठेवलं होतं. मला शिवता न येण्यावर या बाईने आपल्या दुपारी काढल्या, असं मला वाटलं, आणि त्यात काही चूक नव्हतं.

मी जायची थांबले. पहिला आठवडा रागात बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात मला दिसू लागलं की मी कुठे गेले नाही याची जगात कुणीही दखल घेतलेली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका कुर्त्याची बाही उसवली, ती मी हातशिलाईने शिवली. टीप सरळ आली, अगदी एकसारखी. ती दाखवायला घरात कुणी नव्हतं. मी ती बाही हातात घेऊन बराच वेळ पलंगावर बसून राहिले. मग मला त्या दुपारींचा राग येईना, नुसती आठवण यायला लागली.

मी परत गेले तेव्हा फिलूबाय मशिनीवर नव्हती. शिकायच्या मशिनीपाशी खाली बसून चाकाला तेल घालत होती.

“गंजते,” ती म्हणाली. “रोज घालते.” मग माझ्याकडे न बघता, “मार्सेलीन बोलली ना?”

“हो.”

“ती बोलकीच हाय.” तिने तेलाचा हात गाऊनला पुसला, जे ती कधी करत नसे. “तुजी टीप सा म्हयन्यांत सरळ आलती.”

“मग सांगितलं का नाही?”

“सरळ आली की जातात.”

ती एवढंच म्हणाली आणि चष्मा काढून पुसत बसली. मी मनात कितीतरी वाक्यं तयार करून आणली होती, कडक आणि मुद्देसूद. मी स्टूल ओढलं आणि बसले.

“आज काय करायचं?”

“बाही,” ती म्हणाली.

मी बाही लावली. तिने डोळे मिटून नख फिरवलं. कुठेही थांबलं नाही. ते टोकापर्यंत गेलं आणि तिने कापड माझ्या मांडीवर ठेवलं. उसव म्हणायचं तोंड तिला उरलं नव्हतं. मग मीच टेबलावरचं अर्धं ब्लेड उचललं आणि उसवायला घेतलं. ती माझ्याकडे बघत होती हे मला कळत होतं. मी वर पाहिलं नाही.

त्यानंतरचं वर्ष मला वाटतं दोघींच्याही आयुष्यातलं बरं वर्ष असावं. मी शिवायचे, ती बघायची, मी उसवायचे. मध्ये चहा. कधी ती मुलीच्या फोनबद्दल सांगायची, फोनपेक्षा ते सांगणं लांब असायचं. चहा करायलाही तिने मला शिकवलं, आणि तो मात्र एकदाही परत करायला लावला नाही. माझा चहा वाईट व्हायचा, ती मुकाट प्यायची. ब्लाऊजचं ते कापड उसवून उसवून चाळणीसारखं झालं, तेव्हा तिने आपल्या कपाटातून दुसरं काढून दिलं.

मग कंपनीचा मेल आला. घरून काम बंद. एक तारखेपासून सगळ्यांनी बंगळूरच्या ऑफिसात हजर व्हायचं. ज्यांना जमत नसेल त्यांनी तसं कळवायचं, आणि तसं कळवणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. मला दुसरं घर नव्हतं, दुसरा कमावता माणूस नव्हता. दहा दिवस मी फिलूबायला सांगितलं नाही. जायचे, शिवायचे, उसवायचे, यायचे. शेवटी एका मंगळवारी ब्लेड हातात असतानाच सांगून टाकलं.

तिची मशीन थांबली.

“कवा?”

“पुढच्या बुधवारी. सकाळी.”

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, मार्सेलीनचे बोंबील वाळत होते. मग ती वळली आणि म्हणाली, “मंग रोज ये. रविवारपन ये. मला शिकवायचं ऱ्हायलंय.”

त्या आठवड्यात मी जी फिलूबाय पाहिली ती मला माहीत नव्हती. चेन, कॉलर, खिसा, चुण्या, तिरकं कापड, अस्तर. ओठांतल्या टाचण्या तिने काढून ठेवल्या, कारण तिला भराभर बोलायचं होतं. “असं धर. असं नाय, असं. हे ग्लोरियाला पन नाय दिलं मी. बघ नीट.” काहीही उसवायचं नाही. चुकलं तर बाजूला टाकायचं आणि नवं घ्यायचं. रविवारी मुलीचा फोन आला तर ती म्हणाली, “क्लास चाललाय, मंग कर,” आणि ठेवून दिला. मी घाबरून शिकत होते. इतकी चांगली शिकवणारी बाई मी कधी पाहिली नाही, आणि मला ती आधीची, कामचुकार फिलूबाय हवी होती.

मंगळवारी, शेवटच्या दिवशी, नव्या ऑफिसात घालायला म्हणून आम्ही कुर्ता घेतला. कापड तिचं, निळं, सुती. कापायचं, शिवायचं सगळं मीच, ती नुसती बसून. दुपारचे चार वाजून गेले असतील तेव्हा शेवटची टीप झाली. मी कुर्ता तिच्या हातात दिला. तिने डोळे मिटले.

नख गळ्यावरून गेलं, खांद्यावरून गेलं, आणि डाव्या मुंढ्यापाशी थांबलं.

त्याच क्षणी मलाही दिसलं. बाही उलटी लागली होती. पुढची बाजू मागे आणि मागची पुढे. पहिल्या महिन्यातली मुलगी करते तशी चूक. अडीच वर्षांत चांगल्या टिपा मी अनेक उसवल्या होत्या, पण इतकी स्वच्छ चूक फार दिवसांत केली नव्हती.

“बाय, बाही उलटी लागलीये,” मी म्हणाले.

“दिसतंय मला.”

“उसवते.” मी ब्लेड घेतलं. मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता.

“नको.”

“अर्ध्या तासाचं काम आहे.”

“उसवायला अर्धा तास. लावायला तास. मंग चहा. मंग तू म्हनशील, काळोख झाला, उद्या येते.” तिने माझ्या हातातून ब्लेड काढून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. “उद्या तुजी गाडी हाय.”

“बाय, पण ती खरंच चुकलीये. कितीतरी दिवसांनी खरी चुकलीये.”

“ऱ्हाव दे. हात वर केलास तर खेचल जरा. तितकं चालतं. घाल.”

मी आत जाऊन कुर्ता घालून आले. तिने मला गोल फिरवलं, घेर ओढून सरळ केला, पाठीवरून हात फिरवला.

“छान झालाय,” ती म्हणाली. “येतं तुला आता.”

हे वाक्य ऐकायला मी अडीच वर्षं जात होते. ऐकलं, आणि मला वाटलं, हिने हे परत घ्यावं. मी रडायला लागले. ती रडली नाही. तिने माझी पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि मला दाराकडे वळवलं.

“जा. मला काम हाय. एक ब्लाऊज द्यायचाय संध्याकाळी.”

दारापर्यंत ती आली नाही. मी गल्लीतून स्कूटीपाशी आले. मार्सेलीनचं दार बंद होतं. हेल्मेट घालायला हात वर केला तर डावी बाही खेचली. मी तशीच थांबले. तेवढ्यात फिलूबायच्या खिडकीतून मशिनीचा आवाज सुरू झाला, आणि मला हायसं वाटलं. काम आहे म्हणाली ते खरंच होतं तर. मन त्यात गुंतेल, संध्याकाळ होईल.

मग तो आवाज मला नीट ऐकू आला. सुईखाली कापड असलं की मशीन दबल्या आवाजात चालते. कापड नसलं की खालचे लोखंडी दाते वरच्या पट्टीला लागतात आणि नुसता खडखडाट होतो. अडीच वर्षांत मला एवढं ओळखता येऊ लागलं होतं. फिलूबाय रिकामी मशीन चालवत होती, मला गल्लीत ऐकू यावी इतक्या जोरात. ती थांबेल म्हणून मी उभी राहिले. ती थांबेना. स्कूटीचा आवाज कानावर पडल्याशिवाय ती पाय काढणार नाही, हे माझ्या लक्षात आलं, आणि तिचे गुडघे दुखतात म्हणून मी स्कूटी सुरू केली.